हैदराबादमार्गे

उमरगा, २ ऑगस्ट २०२३

अस्मिता,

फोनवर मी ओरडलो, मान्य. पण त्यावर तू जो फतवा काढलास, की यापुढं फोन बंद, जे असेल ते मेलवर सविस्तर लिहायचं आणि राग आला असेल तर एक दिवस थांबून लिहायचं, तो मला कॉलेजातून काढून टाकल्यासारखा लागला. (आणि मला कुणी काढलं नव्हतं, मी सोडलं होतं. परीक्षा विभागातल्या त्या क्लार्कची कॉलर मी धरली ती बरोबरच धरली.) असो. लिहितोय.

तू विचारलंस, बँकेत शेजारच्या टेबलवरचा माणूस विमान कंपनीचं पॉइंट खातं उघड म्हणतो, तर कुठल्या कंपनीचं उघडू. बरोबर माणसाकडं आलीस. दीड वर्ष झालं शरणबसप्पा अण्णांच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतोय. उमरग्याच्या चौरस्त्यावरून जेवढी माणसं विमानाला गेली, त्यातली निम्मी माझ्या हातनं गेली.

तू वर्षात दोनदा, फार तर तीनदा घरी येणार. ते सिल्व्हर, गोल्ड, लाउंजमधलं फुकटचं खाणं, हे सगळं दर आठवड्याला बॅग ओढत फिरणाऱ्यांसाठी असतं. तुझ्यासारखीनं त्याच्या नादी लागायचंच नाही. आपण ज्या वाटेनं जातो त्या वाटेवर कुणाचं विमान आहे, एवढंच बघायचं. तुला वाटा दोन. सारंग एअर, दिब्रुगडहून दिल्ली, दिल्लीहून पुणे. आणि त्रिवेणी एअरवेज, दिब्रुगडहून कोलकाता, तिथनं हैदराबाद. पुण्याला उतरलीस तर हडपसर ओलांडायलाच दोन तास. हैदराबादला उतरलीस की सरळ हायवे, उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर. सारंगचं खातं मी नीट बघितलंय, तुझ्या कामाचं नाही. त्रिवेणीचं घे.

फॉर्म मीच भरतो. आधारचा फोटो पाठव. मोबाईल नंबर दुकानाचा टाकतो. आम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांचा तसाच टाकतो, कारण लोक मेसेज वाचत नाहीत आणि विमान चुकलं की आमच्या नावानं शिमगा करतात. काही आलं की मी तुला कळवत जाईन.

रणधीर


दिब्रुगड, ६ ऑगस्ट २०२३

रणधीर,

तुझं पत्र वाचून दोनदा हसले आणि एकदा चिडले. कॉलरच्या जागी चिडले. तो क्लार्क माझ्या बाबांच्या वयाचा होता. माफीच्या चार ओळी लिहून दिल्या असत्यास तर आज तुझी डिग्री झाली असती. पण तो विषय नको, नाहीतर तुला एक दिवस थांबावं लागेल.

इथं शाखेत मी एकटीच मराठी. मॅनेजर मला नावानं हाकच मारत नाहीत, 'महाराष्ट्र, लॉकर की चाबी देना' म्हणतात. सकाळी भात, संध्याकाळी भात. परवा डब्यात तळाशी कडक भाकरीचा एक तुकडा सापडला, तो मी चहात बुडवून खाल्ला आणि कुणाला सांगितलं नाही.

आता खरं सांग. तू त्रिवेणी सांगतोस ते माझ्या सोयीसाठी, का हैदराबादची बस उमरग्याला वीस मिनिटं थांबते म्हणून? रागावू नकोस, नुसतं विचारतेय. यज्ञेशदादा म्हणतो पुण्याला उतर, मी गाडी घेऊन येतो. आईलाही तेच बरं वाटतं. पण तू शपथेवर सांगितलंस तर मी त्रिवेणी घेते. मला यातलं काही कळत नाही. दिवसभर लोकांना विम्याच्या पॉलिसी समजावते आणि स्वतःचा फॉर्म तुझ्याकडून भरून घेते!

फोटो जोडलाय.

अस्मिता


उमरगा, ६ ऑगस्ट २०२३

अस्मिता,

शपथ? माझ्याकडून शपथ? मी काय तुझ्या वीस मिनिटांवर जगतो का? एवढी शंका असेल तर घे सारंग, उतर पुण्याला, बस दादाच्या गाडीत पाय पसरून.

आईची शपथ. यात माझा काडीचा फायदा नाही. झालं समाधान?

त्रिवेणीचं खातं उघडलंय. नंबर खाली लिहिलाय, जपून ठेव.

एक दिवस थांबलो नाही, कारण हा राग नाही. हा अपमान आहे.

रणधीर


दिब्रुगड, २६ नोव्हेंबर २०२३

रणधीर,

काल पोचले. बॅग उघडली तर सगळ्या खोलीला शेंगाचटणीचा वास लागलाय.

उमरग्याला बस थांबली तेव्हा तू दारातच उभा होतास. नवा शर्ट, त्याच्या कॉलरला दुकानातली टाचणी तशीच. अण्णा आतून त्यांच्या कानडी-मराठीत ओरडले, 'एन रे, गिऱ्हाईक आलंय का पाहुणा? चहा कुणाच्या नावावर लिहू?' आणि तू त्यांच्यावरच खेकसलास. मग बस लवकर का काढतो म्हणून कंडक्टरशी भांडलास. वीस मिनिटांतली सात तू भांडणात घालवलीस, मी घड्याळ बघत होते. तरी उरलेली तेरा मला कोलकात्यापर्यंत पुरली.

आता महत्त्वाचं. बाबांना तू ओळखत नाहीस. कोषागारातून रिटायर झालेला माणूस. दिवाळीला मी त्यांना स्वेटर आणला, तर त्यांनी पावती मागितली आणि तेवढे पैसे माझ्या हातावर ठेवले. 'लेकीचं खायचं नसतं' म्हणाले. आईला चालतं, आईनं दोन साड्या घेतल्या, वर तिसरीचा रंग सांगून ठेवलाय. पण जेवताना मी सहज म्हटलं, की पॉइंट साठले की विमानाचं तिकीट फुकट मिळतं, त्यात कुणाचेच पैसे नसतात. बाबा चपातीचा तुकडा हातात धरून थांबले. 'म्हणजे कंपनीच देते?' म्हणाले. 'मग घ्यायला हरकत नाही.'

रणधीर, ते आजवर विमानात बसलेले नाहीत. मी त्यांना इथं आणणार आणि इथं तुझ्याबद्दल सांगणार. तुळजापुरात नाही सांगता येणार. तिथं बाबांशी बोलायला गेलं की त्यांच्या मागं चार काका, सगळी गल्ली आणि देवळातली माणसं उभी असतात. इथं ब्रह्मपुत्रेच्या काठावर ते नुसते माझे बाबा असतील. मग ते ऐकतील. निदान मला बोलू तरी देतील.

एका बाजूचं तिकीट बारा हजार पॉइंटचं आहे. परत जाताना ते स्वतःच्या पैशानं रेल्वेनं जाणार, हे आत्ताच बजावलंय. मी बँकेचं कार्ड त्रिवेणीला जोडून घेतलंय. किराणासुद्धा कार्डावर आणते. वर्षभरात होतील बारा हजार.

तोवर तू मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर. बाबा विचारतील मुलगा काय करतो, तेव्हा मला 'शिकतोय' म्हणता आलं पाहिजे.

अस्मिता


उमरगा, २९ नोव्हेंबर २०२३

अस्मिता,

तुझ्या बाबांना आणायला बारा हजार पॉइंट आणि मला आणायला एक डिग्री. ठीक आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, भरतो.

खरं सांगू? माझं मन म्हणतं, गाडीला किक मारावी, तुळजापूर गाठावं आणि सरळ विचारावं. काय करतील? हाकलतील. आमच्याकडं तरी कोण हार घेऊन उभं आहे? आमच्या वडलांना, बलभीमरावांना सांगितलं तर पहिला प्रश्न हाच येईल, की ती ऑफिसरीण माकणीला आमच्या शेतात सोयाबीन काढायला येणार का. पण तू म्हणतेस तर थांबतो. थांबायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही, तुझ्यासाठी शिकतोय.

मार्चमध्ये चुलतबहिणीच्या लग्नाला येणार आहेस ना? तिकीट मीच काढतो. अण्णांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी दुकानात बोलायचं नाही. ते म्हणतात, 'विमानात ती बसते, हवेत तू असतोस.'

टाचणी काढलीय.

रणधीर


उमरगा, ७ नोव्हेंबर २०२४

अस्मिता,

दिवाळीचे चार दिवस मी हैदराबादहून येणारी एकेक बस बघितली. वर चढून बघितली. कंडक्टर हसायला लागले. तू मार्चमध्ये आलीस त्यानंतर आठ महिने या चार दिवसांवर काढले होते मी.

आज तुमच्या गल्लीतला एक माणूस तिकिटाला आला. म्हणाला, 'वसंतरावांची पोरगी? आली की. पुण्याहून आली, पांढऱ्या गाडीतनं.' म्हटलं, यज्ञेश होता का? 'न्हाय न्हाय, दुसराच कुणीतरी चालवत होता. गॉगल होता पोराला.'

कोण आहे तो?

मला काही न सांगता दुसरीकडनं तिकीट काढलंस. कारण माझ्याकडनं काढलं असतंस तर मला कळलं असतं, व्हय ना? ऑफिसर झालीस, आता उमरग्याच्या धुळीत उतरायची लाज वाटायला लागली. वर्षभर मला डिग्रीचं गाजर दाखवलंस आणि तिकडं गॉगलवाला बघून ठेवलास. बाबांना इथं आणते, तिथं आणते, सगळ्या गप्पा. मला मूर्ख समजतेस तू. सगळ्यांनी समजलं, आता तू पण समज.

मी एक दिवस थांबणार नाही. एक मिनिट थांबणार नाही.

रणधीर


दिब्रुगड, १२ नोव्हेंबर २०२४

रणधीर,

मी पाच दिवस थांबून लिहितेय.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, पुण्यात. कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. पुण्याचं विमान म्हणून सारंगचं तिकीट दादानंच काढलं. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्याच्या मित्रानं आम्हाला तुळजापूरला सोडलं. गॉगल बाबांचा होता. ऑपरेशनचा काळा गॉगल. गाडीत पुढं बसले होते, गल्लीतल्या माणसानं कुणाच्या डोळ्यावर बघितला देव जाणे.

तुला आधी का सांगितलं नाही, तेही ऐक. सांगितलं असतं तर तू दवाखान्यात आला असतास. आणि कुणाची तरी कॉलर धरली असतीस.

आणखी एक. जुलैत मला मेसेज केलास, 'फॉर्म भरला.' मी तीन वेळा नोंदणी क्रमांक मागितला. चार महिने झाले. मी मूर्ख समजत नव्हते तुला. विश्वास ठेवत होते.

काही दिवस मला लिहू नकोस.

अस्मिता


दिब्रुगड, १८ डिसेंबर २०२४

रणधीर,

मीच लिहितेय. महिनाभर रोज मेल उघडून बघितलं. तू खरंच लिहिलं नाहीस. त्याचाही राग आला.

काल बाबांचा फोन आला. म्हणाले, 'अस्मे, ते कंपनीचं तिकीट कधी काढणार? आता दोन्ही डोळ्यांनी दिसतंय. वरनं ढग बघून घेतो.' मला हसता हसता रडू आलं.

रणधीर, हीच वेळ आहे. १२ फेब्रुवारीचं तिकीट काढ, दोघांचं. आईचं माझ्या कार्डावर, बाबांचं पॉइंटवर. माझ्या हिशोबानं साडेतेरा हजार झालेत. मी खातं उघडून बघणार होते, पण तो ओटीपी दुकानाच्या फोनवर येतो, म्हणून तुलाच सांगते. दादा म्हणतो पुण्याहून काढ. मी हट्टानं हैदराबाद म्हटलंय. आदल्या दिवशी ते बसनं उमरग्यावरून जातील. तू समोर येऊ नकोस, पण लांबून बघून घे. माझे बाबा कसे दिसतात ते.

नोव्हेंबरमध्ये जे झालं ते झालं. फॉर्म या जूनमध्ये भर. मी अजून आहे.

अस्मिता


उमरगा, २० डिसेंबर २०२४

अस्मिता,

दोन्ही तिकिटं झाली. काकूंचं तुझ्या कार्डावर, काकांचं पॉइंटवर. काकांना खिडकी दिलीय, डावीकडची, पंखाच्या पुढची. दोन्ही सोबत जोडली आहेत.

काळजी करू नकोस.

रणधीर


दिब्रुगड, १५ फेब्रुवारी २०२५

रणधीर,

बाबा आले नाहीत.

मी त्या दिवशी रजा काढून विमानतळावर जायला निघाले होते. रिक्षात बसले आणि हैदराबादहून बाबांचा फोन आला. आवाज एकदम ऑफिसातला. 'अस्मिता, माझ्या तिकिटाचे पैसे तू भरलेस?' मी म्हटलं, नाही बाबा, पॉइंटवर काढलंय. 'इथली मुलगी म्हणते, नाही.'

काउंटरवरच्या मुलीनं त्यांना विचारलं होतं, 'सर, तुमचा मेंबर नंबर? नसेल तर आत्ता काढून देते, या प्रवासाचे पॉइंट मिळतील.' बाबा कौतुकानं म्हणाले, 'अहो, मी पॉइंटवरच चाललोय.' तिनं परत बघितलं. म्हणाली, पॉइंटच्या तिकिटावर पॉइंट मिळत नाहीत, आणि हे पॉइंटचं तिकीट नाही. पूर्ण भाड्याचं आहे, उमरग्याच्या ट्रॅव्हल्सनं भरलंय.

बाबांनी तिला तीनदा विचारलं. मग बॅगा परत मागितल्या. आई म्हणाली, चला हो, आता आलोय तर जाऊ, नंतर बघू. तर म्हणाले, 'कुणाच्या पैशावर चाललोय ते माहीत नसताना मी पायरी चढणार नाही.'

घरी परतताना ते उमरग्याला उतरले, एवढं आईनं सांगितलं. तिथं काय झालं ते दोघंही सांगत नाहीत. तू सांग. सगळं सांग. आणि पहिल्यापासून सांग.

अस्मिता


उमरगा, १८ फेब्रुवारी २०२५

अस्मिता,

तीन दिवस थांबलो.

ते १३ तारखेला दुपारी आले. काकूंच्या हातातल्या बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच होती. अण्णा उठले, 'या, बसा, पाणी घ्या' म्हणाले. काकू बसल्या. काका उभेच.

'हे तिकीट कुणी काढलं?'

'मी.'

'पैसे कुणी भरले?'

मी म्हटलं, 'काका, ते पॉइंट...'

'चौतीस वर्षं बिलं तपासलीत मी. पैसे कुणी भरले?'

'मी.'

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. 'तुम्ही अस्मिताचे कोण?'

मला 'तुम्ही' म्हणाले. मी कॉलेजात क्लार्कची कॉलर धरली, कंडक्टरशी भांडलो, अख्ख्या उमरग्यात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. आणि त्या वेळी माझ्या तोंडातून काय निघालं माहितीय? 'ट्रॅव्हल्सवाला.'

काका म्हणाले, 'मग ट्रॅव्हल्सवाल्याला पैसे द्यावे लागतात.' पाकिटातून काढून काउंटरवर ठेवले. वर म्हणाले, 'पावती.' मी पावती लिहिली. काकू जाताना वळून बघत होत्या.

आता पहिल्यापासून.

२५ नोव्हेंबरला दुकानाच्या फोनवर मेसेज आला. तुझ्या खात्यात मार्चनंतर एकही प्रवास नाही, ९ डिसेंबरला नऊ महिने भरतील आणि सगळे पॉइंट संपतील. त्रिवेणीचा नियमच आहे तो. कार्डावर कितीही साठवा, नऊ महिन्यांत एकदा त्यांच्या विमानात बसलंच पाहिजे. तू मार्चनंतर बसली नव्हतीस, दिवाळीला सारंगनं गेलीस. त्या दिवशी मला एक मेल पाठवायचा होता. त्या दोन आठवड्यांत बाबांचं तिकीट काढलं असतं तरी पॉइंट वाचले असते. मी फोन उलटा ठेवला. अण्णांनी विचारलं, कुणाचा मेसेज? म्हटलं, जाहिरात आहे. माझ्या मनात काय होतं सांगू? पुण्याला उतरतेस ना, मग भोग. दोन ओळींत लिहिलं तर एवढंच.

मग १८ डिसेंबरला तुझं पत्र आलं. खातं उघडलं तर शून्य. तेव्हा तुला सांगितलं असतं तर तू नोव्हेंबरचं विचारलं असतंस. म्हणून पैसे मी भरले. वाटलं, कुणाला कळतंय.

आणि त्याच्याही आधीचं. सारंगचे पॉइंट तीन वर्षं टिकतात. घरच्यांचे एकत्र करता येतात. यज्ञेश महिन्याला सारंगनं दिल्लीला जातो, त्याचे आणि तुझे मिळून सहा महिन्यांत बाबांचं तिकीट झालं असतं, जातानाचं आणि येतानाचंही. वर्षातून दोनदा उडणाऱ्या माणसाला तेच खातं चांगलं. हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. वीस मिनिटांसाठी आईची खोटी शपथ घेतली.

फॉर्मही भरला नव्हता.

म्हण आता मला काय म्हणायचं ते. पण एक सांग, तू मला दवाखान्याचं सांगितलं असतंस तर यातलं काय झालं असतं? सगळं माझ्याच डोक्यावर का?

रणधीर


दिब्रुगड, ४ मार्च २०२५

रणधीर,

काल आईशी दीड तास बोलले. ती शेवटी बोलली.

बाबांना तुझ्याबद्दल माहीत होतं. दिवाळीनंतर गल्लीतल्या त्या माणसानंच सांगितलं, की उमरग्याच्या ट्रॅव्हल्समधला पोरगा वसंतरावांच्या लेकीची फार चौकशी करत होता. तू विचारत सुटला होतास ना. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ११ फेब्रुवारीला बसमध्ये नळदुर्ग मागं पडल्यावर ते आईला म्हणाले, 'अस्मी ढग दाखवायला नाही बोलवत. तिला त्या मुलाचं सांगायचंय. सांगू दे. मी ऐकायचं ठरवलंय.' आई म्हणते, त्यांच्या तोंडून हे येईल असं तिला तीस वर्षांत वाटलं नव्हतं.

उमरग्याला बस थांबली तेव्हा ते खाली उतरून तुमच्या दुकानासमोरून दोनदा गेले. तू दिसला नाहीस. लपायला मीच सांगितलं होतं.

१३ तारखेला ते पैशासाठी उतरलेच नव्हते. पैसे मनीऑर्डरनंही पाठवता आले असते. 'तुम्ही अस्मिताचे कोण' हे त्यांनी उत्तर माहीत असताना विचारलं. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं. कागद स्वतः वाचायचा आणि मग समोरच्याला विचारायचं, तो काय सांगतो बघायचं.

मी त्यांना परवा फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, 'मी त्याला विचारलं होतं, अस्मे. तो नाही म्हणाला.' मग दुसरंच काहीतरी बोलायला लागले.

सगळं तुझ्याच डोक्यावर नाही. दवाखान्याचं मी लपवलं, ते माझं. पण मी तुला लपवत होते कारण तुझ्या रागाची भीती होती, आणि जिथं खरं सांगायची भीती वाटते तिथं मला राहायचं नाही.

१० तारखेला, सोमवारी सकाळी अकराला, मी त्या खात्यातला मोबाईल नंबर बदलायला घेणार आहे. दुकानाच्या फोनवर सहा आकडे येतील. ते मला पाठव. दुसरं काही लिहू नकोस.

अस्मिता


उमरगा, ११ मार्च २०२५

अस्मिता,

काल अकराला आकडे आले. पाठवले नाहीत. दहा मिनिटं चालतात ते. फोन हातात धरून बघत बसलो आणि ते मेले. सव्वाअकराला तू परत मागवलेस. ते पण मेले. साडेअकराला तिसऱ्यांदा. अण्णांनी बघितलं, त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, 'बिडू रे. सोड.' मी त्यांच्यावर ओरडलो. गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. त्यांनी माझ्या पुढ्यातला चहा उचलला आणि दुसऱ्याला दिला.

त्या खात्यात आहे काय? शून्य पॉइंट. बंद केलंस काय आणि पडू दिलंस काय, कुणाला फरक पडतो? नवं खातं दोन मिनिटांत निघतं. शून्यातूनसुद्धा तुला माझा नंबर काढायचाय. हे मला काल दिवसभर कळत नव्हतं, आणि आज कळलंय तर बसवत नाही.

मी ओरडू शकतो. आत्ता फोन लावून ओरडू शकतो. तुळजापूरला जाऊन काकांच्या दारात उभा राहू शकतो आणि सांगू शकतो, मी कोण आहे ते. ते विचारतील, त्या दिवशी काय झालं होतं? त्या दिवशी मी भ्यालो होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला न ओरडता विचारलं, आणि मला बोलताच आलं नाही.

उद्या अकरा वाजता मागव. फोन माझ्याच हातात असेल.

रणधीर


उमरगा, १२ मार्च २०२५, सकाळी ११.०२

४०७१८५